नऊ वाजताचा वर्ग आणि ‘घरातील मोठी व्यक्ती’

यंदाच्या पावसाळ्यात, हवामान खात्याने लाल इशारा दिलेल्या एका दिवशी, सकाळी सव्वासहा वाजता मुलाच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला : पावसामुळे आज शाळा बंद राहील, दुसरीचा वर्ग नऊ वाजता ऑनलाइन होईल, मुलांसोबत घरातील मोठ्या व्यक्तीने बसावे. मी त्या वेळी डब्याच्या पोळ्या लाटत होते, नवरा चपला घालून दारात उभा होता, आणि लोकल अजून सुरू असल्यामुळे आम्हा दोघांच्याही कामाच्या ठिकाणांहून सुट्टीचा काही निरोप नव्हता. माझी नजर त्या शेवटच्या वाक्यावर अडकली. २०२० आणि २०२१ मध्ये हेच वाक्य आम्ही जवळजवळ रोज वाचत होतो. ती मोठी व्यक्ती कोण आणि तिने स्वतःचे काम त्या वेळी कुठे ठेवायचे, हे तेव्हा कोणी विचारले नाही आणि आजही कोणी विचारत नाही. शाळा बंद ठेवण्याला माझा आक्षेप मुळीच नाही. गुडघाभर पाण्यातून सात वर्षांच्या मुलांना नेऊ नये, हे सांगायला नको. माझा आक्षेप त्या नऊ वाजताच्या वर्गाला आहे, आणि तो का आहे हे मला आज सविस्तर लिहायचे आहे.

मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातील शाळा बंद झाल्या, तेव्हा माझी मुलगी मोठ्या शिशुवर्गात होती आणि मुलगा दोन वर्षांचा होता. १५ जूनला नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले आणि मुलगी पहिलीत गेली. राज्य सरकारच्या जूनमधील पहिल्या सूचनांमध्ये पूर्वप्राथमिक ते दुसरीपर्यंतच्या मुलांना ऑनलाइन वर्गांतून वगळलेले होते, आणि तो निर्णय शहाणपणाचा होता असे मला आजही वाटते. महिनाभरातच तो बदलला. जुलैच्या सुधारित वेळापत्रकाने पूर्वप्राथमिकसाठी सोमवार ते शुक्रवार अर्धा तास, तर पहिली-दुसरीसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन सत्रे ठरवून दिली, आणि त्यातला काही वेळ पालकांशी संवाद साधण्यासाठी राखून ठेवला. म्हणजे लहान मुलांचा ऑनलाइन वर्ग मोठ्या माणसाशिवाय चालत नाही, हे वेळापत्रक करणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. मात्र सोमवार ते शुक्रवार ती मोठी माणसेही कुठेतरी कामाला बांधलेली असतात, याची नोंद त्या कागदावर कुठेच नव्हती.

आमचे डोंबिवलीतले घर एका बेडरूमचे आहे. नवरा एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे टाळेबंदीतही तो रोज बाहेर पडत होता आणि घरी आल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकेपर्यंत मुलांना जवळ घेत नव्हता. मी आरोग्यविम्याचे दावे तपासते, आणि त्या वर्षी दाव्यांचा ढीग किती वाढला असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. सासूबाई साताऱ्याजवळच्या गावी अडकल्या होत्या. जिल्ह्याची हद्द ओलांडायला सप्टेंबरपर्यंत ई-पास लागत होता, आणि पास मिळाला असता तरी रोज रुग्णालयातून येणाऱ्या मुलाच्या घरी सत्तरीच्या आईला आणण्याचे धाडस आमच्यात नव्हते. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे पाळणाघर मार्चमध्ये बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही. ज्या आधारांवर आमच्या दोन नोकऱ्या उभ्या होत्या, म्हणजे शाळा, पाळणाघर आणि आजी, ते तिन्ही एका आठवड्यात गेले, आणि नोकऱ्या मात्र जशाच्या तशा राहिल्या.

पहिलीच्या वर्गातला एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. बाई ‘इ’ शिकवत होत्या. त्यांनी फळ्यावर तो तीन वेळा सावकाश गिरवला, कुठून सुरू करायचे आणि कुठे वळवायचे ते तोंडाने सांगितले, आणि मुलांना पाटीवर काढायला सांगितला. माझ्या मुलीने आकार बरोबर आणला, पण तो खालून वर काढला, म्हणजे अक्षराच्या शेपटापासून सुरुवात करून डोक्याशी थांबली. प्रत्यक्ष वर्गात बाई बाकांमधून फिरल्या असत्या आणि एका क्षणात ते त्यांच्या लक्षात आले असते; इथे फोन डब्याला टेकवून ठेवलेला होता आणि बाईंना तिचे कपाळ व वरचा पंखा एवढेच दिसत होते. त्यांनी “छान” म्हटले आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. मी त्या वेळी ओट्यावर लॅपटॉप ठेवून एका रुग्णालयाच्या बिल विभागाशी बोलत होते. एका कानात त्यांचे आकडे होते, दुसऱ्या कानात बाईंचा ‘इ’, आणि कडेवर मुलगा. मी बोलणे न थांबवता वाकून मुलीचे मनगट धरले आणि तिचा हात वरून खाली फिरवला. दोनदा फिरवला, तिसऱ्या वेळी तिने स्वतः बरोबर काढला. त्याच पाच मिनिटांत मी एका दाव्यातील खोलीभाड्याची मर्यादा तपासायची विसरले, जास्त रक्कम मंजूर झाली आणि आठवड्याने मला लेखी खुलासा मागितला गेला. चूक माझीच होती आणि मी तसे लिहून दिले. पण त्या पाच मिनिटांत मी जे काम केले ते शाळेचे काम होते, आणि त्याची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नाही.

सहा वर्षांच्या मुलांना शिकवणे म्हणजे माहिती पोहोचवणे नसते. पेन्सिल कशी धरायची, ओळ सोडून पुढे कसे जायचे, शेजारच्याचे खोडरबर परत कसे करायचे, आपली पाळी येईपर्यंत कसे थांबायचे, हे सगळे हाताला हात लावून आणि शेजारी बसून होते. आमच्या मुलीला म्यूटचे बटण कळायला दोन महिने लागले. एकदा तिने पाढ्याचे उत्तर सर्वांत आधी दिले, मोठ्याने दिले, आणि बाईंपर्यंत आवाज पोहोचलाच नाही. दुसऱ्या मुलाला शाबासकी मिळाल्यावर ती पडद्यासमोरून उठली आणि मोरीत जाऊन रडत बसली. तिला समजवायला कोणीतरी हवे होते, आणि मी त्या वेळी साहेबांच्या बैठकीत होते. बैठक संपेपर्यंत ती डोळे पुसून परत येऊन बसली होती, याचे मला अजून वाईट वाटते.

शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, हे स्पष्ट लिहिते. मुलीच्या बाईंचे स्वतःचे बाळ तेव्हा जेमतेम वर्षाचे असावे. वर्ग चालू असताना कधीकधी मागून ते रडू लागे, बाई एक क्षण डोळे मिटून घेत आणि कविता पुढे म्हणत. त्यांच्या घरीही ‘मोठी व्यक्ती’ त्याच होत्या. चाळीस मुलांचे गृहपाठाचे फोटो त्या रात्री अकरापर्यंत तपासत असत आणि प्रत्येकाला एक ओळ लिहून पाठवत. आम्ही दोघी एकाच ओझ्याच्या दोन टोकांना होतो.

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींची गोष्ट याहून कठीण होती. टाळेबंदीत सोसायटीने बाहेरच्या माणसांना येऊ दिले नाही, तेव्हा त्यांची चार घरे एकदम सुटली. पुन्हा कामे मिळू लागली तेव्हा घरातला एकमेव स्मार्टफोन त्यांच्याबरोबर कामावर येई, कारण नव्या घरांचे निरोप त्याच फोनवर येत. त्यांचा मुलगा तिसरीत होता. शाळेकडून ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाचा अभ्यास व्हॉट्सॲपवर रोज येई, आणि तो मुलाच्या हाती पडे रात्री नऊ वाजता, आई सहा घरांची भांडी घासून परतल्यावर. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकल्या आहेत. “ताई, मी त्याला वाचून दाखवते, पण बरोबर वाचते की नाही ते मला कुठे कळतं?” असे त्यांनी मला एकदा विचारले. मुलांच्या शिक्षणात पालकांनी वेळ द्यावा असा उपदेश मी जेव्हा ऐकते, तेव्हा मला त्यांचा हा प्रश्न आठवतो.

हे ओझे बहुतेक घरांत आईवरच पडले, आणि त्याची मुळे साथीच्या आधीची आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार आपल्या देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे पाच तासांच्या आसपासचे विनावेतन काम आधीच अंगावर असलेल्या बाईच्या दिवसात शाळेची दोन सत्रे, फोटो काढून पाठवणे, पासवर्ड शोधणे आणि गृहपाठ यांची भर पडली. माझ्या ओळखीतल्या दोघींनी त्या वर्षात नोकरी सोडली. दोघींच्याही राजीनाम्यांत ‘वैयक्तिक कारण’ असे लिहिलेले होते, आणि दोघींचेही कारण पहिलीतले मूल हेच होते.

काही गोष्टी त्या काळातही चांगल्या झाल्या. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नव्हते, आपला चेहरा दाखवावा लागत नव्हता, आणि घरातल्या वस्तूंनी, अंगणातल्या पानांनी शिकण्याची तिची रीत लहान मुलांना साजेशी होती. मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ ते एकत्र पाहत, आणि मी त्या वेळेत शांतपणे काम करू शकत असे. लहानांसाठी दूरस्थ शिक्षण करायचेच असेल तर ते असे असावे.

मुलगी वर्गात प्रत्यक्ष बसली ती डिसेंबर २०२१ मध्ये, तीही दुसरीत असताना. जानेवारीत शाळा पुन्हा काही दिवस बंद झाल्या. पहिलीचे अख्खे वर्ष तिने शाळेचे दार न पाहता काढले. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ च्या सुमारे २७ टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांवर आल्याचे दिसले. माझी मुलगी त्या सर्वेक्षणातली नाही, तिला वाचता येते, आता ती सहावीत आहे. पण तिला वाचता येते याचे कारण तो अर्ध्या तासाचा वर्ग नाही, तर रात्री साडेदहानंतर, माझे काम संपल्यावर, आम्ही दोघी पांघरुणात बसून केलेले वाचन आहे, आणि त्यासाठी मी झोप मोडत होते. हे ज्यांना जमले नाही त्या आईबापांचे प्रेम कमी होते असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून मला वाटते की लहान मुलांची शाळा ज्या दिवशी बंद असेल, त्या दिवशी आई किंवा वडील यांपैकी एकाला पगारी रजा हा हक्क म्हणून मिळाला पाहिजे. हे अशक्य मुळीच नाही. जर्मनीत आजारी मुलासाठी पालकांना मिळणारे रजेचे दिवस २०२१ मध्ये प्रत्येक पालकामागे दहावरून आधी वीस आणि नंतर तीस करण्यात आले, आणि मूल आजारी नसून केवळ शाळा बंद असली तरी ते वापरता येत होते. आपल्याकडे राज्य सरकारी सेवेतील महिलांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण माझ्यासारख्या खासगी नोकरीतल्या बाईला तसे काही नाही, आणि मावशींना तर रजा हा शब्दच लागू नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असायला हवी. माझ्या कार्यालयात त्याहून कितीतरी अधिक माणसे आहेत. पाळणाघराची चौकशी मी आजवर दोनदा केली, दोन्ही वेळा ‘विचाराधीन आहे’ असे उत्तर मिळाले. अशी रजा वडिलांनाही दिली आणि त्यांनी ती घेतली, तरच घरातली मोठी व्यक्ती म्हणजे आपोआप आई, हे समीकरण मोडेल. आमच्या घरी ते थोडे मोडले आहे. पावसाच्या त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने चपला काढल्या, प्रयोगशाळेत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि नऊ वाजता तो मुलाशेजारी बसला. त्याचा तो अर्धा दिवस बिनपगारी गेला.

शाळेकडे माझे मागणे याहून सोपे आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. पावसाने गेलेले दोन-चार दिवस एखाद्या शनिवारी सहज भरून निघतात. त्यासाठी सकाळी सव्वासहाला निरोप पाठवून नऊ वाजता वर्ग घेण्याची गरज नाही, निदान चौथीपर्यंत तरी नाही. त्या दिवशी मुलांना सुट्टी म्हणजे सुट्टी द्यावी, आणि बाईंनाही द्यावी.

हे सगळे मी दोन पानांत लिहून शिक्षक-पालक संघाकडे दिले आहे. मुलाच्या वर्गातील अकरा पालकांनी त्यावर सह्या केल्या आहेत, त्यांत चार वडील आहेत. येत्या शनिवारी दहा वाजता पालकसभा आहे आणि विषय चर्चेला घेऊ असे मुख्याध्यापिकांनी कळवले आहे. आम्ही दोघेही जाणार आहोत. आपल्या मुलांच्या शाळेत अशा दिवशी काय करतात, आणि आपल्यापैकी कोणाच्या कार्यालयात पाळणाघर किंवा अशी रजा प्रत्यक्षात मिळते का, हे शुक्रवारपर्यंत इथे लिहिलेत तर मला ते सभेत मांडता येईल.