नूतनच्या रांगेत बसून

'कोर्ट' या चित्रपटात सरकारी वकील नूतन नवऱ्या-मुलांबरोबर नाटकाला जाते. रंगमंचावर मराठी बाप मुलीनं पसंत केलेल्या परप्रांतीय मुलाला घरातून हाकलतो आणि प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. २०१५च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या एका थिएटरात मी हे पाहिलं. आजूबाजूचे अमेरिकन प्रेक्षक गप्प होते. मला मात्र अशाच संवादांवर मी स्वतः वाजवलेल्या टाळ्या आठवल्या. न्यू जर्सीत येऊन तेव्हा मला चार वर्षं झाली होती आणि इथला माझा मुक्काम एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या कागदावर उभा होता.

चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला चित्रपट. २०१४मध्ये व्हेनिसला त्याला दोन पुरस्कार मिळाले, मग राष्ट्रीय पुरस्कारही. पण घरी फोन केला की ऐकू यायचं, 'परदेशी महोत्सवांसाठी काढलेला सिनेमा, कॅमेरा जागचा हलत नाही.' हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. कारण परदेशी माणसाला यातलं निम्मंच मिळतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा चार भाषा सबटायटलमध्ये एकसारख्या होऊन जातात. कोण कोणाशी कुठली भाषा बोलतं, बोलताना कोणाचा आवाज खाली जातो, हे फक्त आपल्याला कळतं. गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते ती आठवा. आत खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर आलं तर हवा आहे असं समजायचं, असं ती नवऱ्याच्या कामाबद्दल सांगते. रडत नाही, आवाज चढवत नाही. तिच्या त्या सपाट मराठीनं मला जेवढं हलवलं, तेवढं कुठल्याही आक्रोशानं हलवलं नसतं. कॅमेरा हलला असता तर माझं लक्ष तिच्यावरून उडालं असतं.

आणि नूतन. त्या कामगारानं ज्यांच्या गाण्यामुळे आत्महत्या केली असा आरोप आहे, त्या शाहीर नारायण कांबळेंना तुरुंगात ठेवण्यासाठी ती जुने कायदे घडाघडा वाचते. तीच बाई लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते. गीतांजली कुलकर्णींनी तिला कुठेही खलनायिका होऊ दिलं नाही. मला ती माझ्या मावशीसारखी वाटली. चित्रपट तिच्या बाजूचा नाही, तरी तिच्या घरात तो चपला काढून शिरतो.

ताम्हाणेचा दुसरा चित्रपट 'द डिसायपल' २०२१च्या एप्रिलअखेर नेटफ्लिक्सवर आला. त्याच महिन्यात 'कोर्ट'मधले कांबळे, म्हणजे वीरा साथीदार, करोनानं गेले. 'डिसायपल'मधल्या गायिका-गुरू माईंचा आवाज असलेल्या सुमित्रा भावेही त्याच महिन्यात गेल्या. विमानं जवळपास बंद होती. मी रात्री एकटीच बसून शास्त्रीय गायक होऊ पाहणाऱ्या शरद नेरुळकरची गोष्ट पाहिली. माईंच्या ध्वनिफिती कानात घालून तो रात्रीच्या मुंबईत मोटारसायकलवरून संथ जातो. तो सूर, तो रिकामा रस्ता! मी ती दृश्यं पुन्हा पुन्हा पाहिली. कारागिरीत हा चित्रपट पहिल्यापेक्षा सरस आहे यात मला शंका नाही. आदित्य मोडक आणि अरुण द्रविड हे खरे गवई असल्यामुळे त्यातलं गाणं कुठे खोटं वाटत नाही.

तरीही मला 'कोर्ट'च मोठा वाटतो. गुरूच्या पायाशी बसून हे गाणं शिकायला कोण जाऊ शकतं आणि कोणाला ते दार माहीतही नसतं, हा प्रश्न 'डिसायपल' विचारत नाही. शरदचं अपयश मला फार जवळचं वाटलं, आणि माझी तक्रार तीच आहे. 'कोर्ट'नं मला माझ्या खुर्चीत अवघडून बसवलं होतं.

गेल्या वर्षी तो अवघडलेपणा परत आला. २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, गदारोळ झाला आणि २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. मला मनापासून आनंद झाला. सक्तीला विरोध व्हायलाच हवा होता. पण त्याच दिवसांत मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला कानाखाली मारण्यात आलं आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो व्हिडिओ कौतुकानं फिरला. मी लिहिलं, याचं समर्थन मी करणार नाही. उत्तर आलं, 'तिकडे बसून बोलणं सोपं आहे.' थोडं खरं आहे ते. मराठी मागे पडल्याची रोजची टोचणी मला सोसावी लागत नाही. पण 'आपल्या भाषेत बोल नाहीतर परत जा' हे वाक्य मी इथे किराणा दुकानाच्या रांगेत ऐकलं आहे. ते मलाच उद्देशून होतं.

सप्टेंबरमध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ग्रीन कार्डाच्या रांगेत मी अजून आहेच. त्या रात्री ग्रुपवरून फोनांवर फोन आले. 'तुला काही त्रास नाही ना गं? हे लोक असं कसं वागू शकतात?' सगळ्यांच्या आवाजात खरी काळजी होती. पहिला फोन, तो व्हिडिओ ज्यानं टाकला होता त्याचा होता.