गळ्यापेक्षा शेपटीचं मूळ बघा
लेख आवडला, पण रेड-ब्रेस्टेड आणि तायगा फ्लायकॅचर हे दिसायला सारखे असलेले दोन छोटे पक्षी गळ्याच्या लाल रंगावरून ओळखा, हा त्यातला सल्ला हिवाळ्यात फसवा ठरतो. रेड-ब्रेस्टेडच्या प्रौढ नराचा नारिंगी गळा वर्षभर टिकतो. तायगाचा नर मात्र विणीचा हंगाम संपला की तो रंग गमावतो आणि थेट मादीसारखा दिसू लागतो. माद्या आणि पिल्लांच्या गळ्याला तर रंग नसतोच.

त्यापेक्षा पक्षी पाठमोरा होईपर्यंत थांबा. शेपटी वर उडवायची सवय दोघांनाही आहे, ती उडवली की मुळावरची पिसं नीट दिसतात. तायगात ती कुळकुळीत काळी, शेपटीइतकी किंवा तिच्याहूनही गडद. रेड-ब्रेस्टेडमध्ये शेपटीपेक्षा फिकी, तपकिरीकडे झुकणारी. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे बघून निर्णय घेऊ नका, ते दोघांनाही असतात. चोचही पाहा: तायगाची जवळजवळ पूर्ण काळी, तर रेड-ब्रेस्टेडची खालची चोच बुडाशी फिकट.

आवाज ऐकायला मिळाला तर फारच उत्तम. दोघंही कर्रर्र करतात, पण तायगाची कर्रर्र जास्त जलद आणि कोरडी असते. कृपया फोटो टाकताना पाठीकडचाही एक टाकत जा, नुसत्या समोरच्या फोटोवरून मादी ओळखणं फार अवघड जातं.