‘कांद्याची निर्यात कायमची बंद करा’ म्हणणाऱ्यांसाठी

कांद्याचा भाव चढला की एक मेसेज हमखास फिरतो. ‘निर्यात कायमची बंद करा. माल देशातच राहील, निर्यातीचा पैसा व्यापारीच खातात, आणि आपला कांदा घेणारा बांगलादेश आपल्याला सोडून जाणार कुठे?’

शेवटचा दावा आधी घेतो, कारण तो सर्वांत खोटा आहे. 29 सप्टेंबर 2019 ला आपण निर्यात एका फटक्यात थांबवली. पुढच्याच आठवड्यात दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी उद्योजकांच्या कार्यक्रमात सांगितलं, की स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हटलंय. पुढच्या वेळी निदान आधी कळवा. ढाक्यात कांदा किलोला 200 टाकांच्या (बांगलादेशी चलन) वर गेला. त्यांनी इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान गाठलं, विमानानंसुद्धा कांदा आणला. सप्टेंबर 2020 मध्ये आपण पुन्हा तेच केलं, तेही न कळवता. मग त्यांनी घरचं पीक वाढवायला घेतलं. आता त्यांचा कांदा निघाला की आपल्यासाठी दार बंद होतं. त्यात त्यांचं काय चुकलं? आणि 2019 च्या डिसेंबरात तुर्कस्तान-इजिप्तकडून कांदा आणायची वेळ आपल्यावरही आलीच होती.

‘माल देशातच राहील.’ राहील, पण कुठे? उन्हाळ कांदा कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवण शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो साठवणीला चालत नाही. काढला की बाजार दाखवावाच लागतो. 8 डिसेंबर 2023 ची बंदी नेमकी लाल कांद्याच्या ऐन हंगामात आली. ट्रॉल्या भरलेल्या, आणि नाशिक जिल्ह्यात भाव काही दिवसांत जवळपास निम्म्यावर. संतापलेल्या शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले.

व्यापारी नफा कमावतो, हे खरं. पण परदेशची ऑर्डर तुटली की तो लिलावातली बोली खाली आणतो आणि तोटा शेतकऱ्याच्या पदरात पडतो. व्यापाऱ्यांच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायांचा आणि हमालांचा रोजही त्याच ऑर्डरवर चालतो.

शहरातल्या माणसाला परवडणारा कांदा मिळायलाच हवा. पण यंदा हात पोळलेला शेतकरी पुढच्या वर्षी लागवड कमी करतो, तेव्हा महाग कांदा त्याच शहराला घ्यावा लागतो. 4 मे 2024 ला बंदी उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यात दर आणि 40 टक्के निर्यात शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडलं. निर्बंध आणायचेच असतील तर ते रोपं टाकण्याआधी जाहीर करा, शेतकऱ्यालाही आणि ढाक्यालाही.