बूड नसलेलं धूड

टेकवायच्या प्रत्येक वस्तूला देवाने बूड दिलंय. तांब्याला आहे, सिलिंडरला आहे, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तर मीटिंगमधून न उठणारं आहे. मोटारीच्या इंजिनाला तेवढं द्यायचं राहिलं.

मुंबईच्या टॅक्सीतून प्रीमियर पद्मिनी ही गाडी २०२३ मध्ये निवृत्त झाली, आमच्या घरातून व्हायला तयार नाही. ती पत्रेकामाला गेली आणि गॅरेजवाल्याने इंजिन घरी धाडलं. "साहेब, इथे कार्बोरेटरला पाय फुटतात," म्हणाला. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक. चौघांनी जोर लावल्याशिवाय हलायचं नाव नाही. खाली ठेवावं तर तळाला ऑइलचं चेंबर, तेही पातळ पत्र्याचं. त्यावर भार आला की पत्रा चेपतो, आतली ऑइल पंपाची जाळी दबते, आणि पुढे तेल वर न चढल्याने बेअरिंगं जळतात. म्हणजे या महाशयांना बसवायचं नाही, काखेत हात घालून उभं धरायचं: दोन्ही बाजूंची फाउंडेशनं (ज्यांवर इंजिन गाडीत टेकतं ती) आणि मागचं बेल हाउसिंग (गिअरबॉक्सकडचं घंटेसारखं कवच), एवढ्याच जागी आधार.

म्हणून लाकडी घोडा, म्हणजे इंजिन पेलणारं स्टँड. वखारीत नव्या सागाचा भाव ऐकून मी आदराने दोन पावलं मागे सरलो. शेवटी पाडलेल्या वाड्याच्या तुळईचे तुकडे मिळाले. तो साग इतका मुरलेला, की खिळा वाकायचा आणि ड्रिलचं पातं निळं पडायचं. मग सगळीकडे आरपार नट-बोल्ट, खाली रुंद वॉशर.

पार्किंगमध्ये ठोकाठोक सुरू झाली आणि सल्लागार मंडळ जमलं. पहिल्या मजल्यावरचे काका पाणसळ घेऊन आले. "डावा पाय अर्धा सूत कमी." फरशीच गटाराकडे उतरती आहे, हे बिल्डरला माहीत, मला माहीत, काकांना मान्य नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "यंदा मखर लाकडी का?"

चेन कुप्पी लावून इंजिन चढवलं. घोडा करकरलासुद्धा नाही. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडलं, कार्बोरेटरच्या जागी फडकं कोंबलं. पिस्टनच्या रिंगा चिकटू नयेत म्हणून अधूनमधून फ्लायव्हील, म्हणजे मागचं जड चाक, हाताने फिरवतो, तेव्हा वॉचमन चप्पल काढून उभा राहतो.

इंजिनाचं कौतुक कोणालाच नाही. घोड्याला मात्र मागणी आहे. काकांना त्यावर इन्व्हर्टर ठेवायचाय, आईला गव्हाची कोठी. बायकोने बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी माप घेऊन ठेवलंय, आणि गाडी कधी होणार म्हणून पत्रेवाल्याला हल्ली माझ्याआधी तीच फोन करते.