बिलाचे पैसे मागायचे नाहीत, हे कुणी शिकवलं?

'यशस्वी व्यावसायिकाची सात सूत्रं' हा मेसेज गेल्या महिन्याभरात मला पाच ग्रुपवर आला. मी न वाचता पुढे गेले. पण रविवारी धायरीला धाकट्या बहिणीकडे गेले, तर तिच्या कामाच्या वहीच्या पहिल्याच पानावर त्यातलं चौथं सूत्र लाल पेनानं लिहिलेलं: 'पैशाचा तगादा लावू नका, संबंध जपा, पैसा आपोआप येतो.' ती घरी बसून पॅकेजिंगचं डिझाइन करते. मसाल्याची पाकिटं, लेबलं, खोकी. भोसरीच्या एका पार्टीकडे तिचे ४८,००० रुपये ९७ दिवस अडकले होते, आणि हे सूत्र वाचून तिनं फोन करणं बंद केलं होतं. मला राग आला तो तिथे.

आधी किरकोळ सूत्रं. पहाटे चारला उठा, हे पहिलं. ज्याला जमतं त्यानं उठावं. बहिणीची गिऱ्हाइकं साडेदहाशिवाय फोन उचलत नाहीत आणि तिचं लेकरू रात्री अकराला झोपतं. दुपारच्या झोपेपायी पुणेकर मागे राहिला, हे दुसरं. चितळ्यांनी दुकानाची दुपारची सुट्टी बंद केली २०१७ साली. तोवर दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवूनच त्यांचा एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला होता. विषय संपला.

तिसरं सूत्र: रोज ३०० जणांना व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६च नंबर बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. अनोळखी लोकांना एकेक करून पाठवत बसलात, त्यांनी रिपोर्ट केलं, तर नंबर बंद होतो. ज्या नंबरवर दहा वर्षांची गिऱ्हाइकं आहेत, तोच नंबर.

आता चौथं. ४८,००० म्हणजे बहिणीचं दीड महिन्याचं घर. तिनं तीन डिझाइनं दिली, पार्टीनं पाकिटं छापून बाजारात आणली. आम्ही सिंहगड रोडच्या एका दुकानात ती फळीवर पाहिली. पैशाचं विचारलं की 'अकाउंटवाले सुट्टीवर आहेत', मग 'साहेबांची सही राहिली', मग 'पुढच्या सोमवारी नक्की'. यात संबंध जपायची जबाबदारी फक्त तिच्यावर का?

आणि या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, कलम १५. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे ठरवताच येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. काम मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असंच धरतात. उशीर झाला की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय १ एप्रिल २०२४पासून आयकराचा नियम असा, की अशा उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. मार्च जवळ आला की अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात, त्याचं कारण हे.

चौथ्या सूत्रात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. सुविधा परिषदेकडे, म्हणजे या कायद्याखाली थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, तक्रार गेली की ती पार्टी पुन्हा काम देईल याची खात्री नाही, आणि निकालाला वेळ लागतो. रोज फोन करून आवाज चढवणंही बरं नव्हे. पण तारीख विचारणं म्हणजे भांडण नाही.

सहावं सूत्र याच्याशीच जोडलेलं, म्हणून जास्त घातक: 'सरकारी नोंदणीच्या भानगडीत पडू नका, टॅक्सवाले मागे लागतात.' उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंद, जिच्या आधारे वरच्या कायद्याचं संरक्षण मागता येतं, आणि जीएसटी या दोन वेगळ्या गोष्टी. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. नोंदणी काम घेण्याआधी करा, मागच्या बिलांना ती लागू होईल या भरवशावर राहू नका. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र नोंदणी मिळते, पण ४५ दिवसांचं संरक्षण मिळत नाही. बहिणीनं २०२१मध्ये बँकेच्या कामासाठी नोंदणी केली होती. प्रमाणपत्र फाइलीत तसंच पडून होतं, बिलावर नंबर कधी टाकलाच नव्हता.

पाचवं, पहिली तीन कामं फुकट करा. नको. फुकट काम केलं की चौथ्या वेळी गिऱ्हाईक दर ऐकून दचकतं. नमुना दाखवायचा तर आधीचं काम दाखवा. सातवं, रोज एक तास नव्या कामासाठी राखून ठेवा, हे एवढं बरोबर आहे. फक्त त्या तासात आधी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा.

सोमवारी बहिणीनं नवं बिल काढलं, उद्यम नंबर वर टाकला आणि चार ओळींचा मेल अकाउंट्सला आणि साहेबांना एकत्र पाठवला: बिलाचा नंबर, काम दिल्याची तारीख, ४५ दिवस कधी संपले, आणि पैसे कोणत्या तारखेला मिळतील ते लेखी कळवा. पुढच्या कोटेशनमध्ये तिनं ५० टक्के ॲडव्हान्स लिहिलाय. मंजुरीसाठी पीडीएफ देणार, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली, बदल करता येणारी ओपन फाइल उरलेले पैसे जमा झाल्यावर. गुरुवारी २०,००० आले. बाकी २८,००० साठी त्यांनी मेलवर २५ तारीख दिली आहे. २६ला सकाळी अकराला ती फोन करणार आहे.