दिल्ली १३७५३

माझे वडील पोस्टात होते. नुसतं ‘पोस्टात’ म्हटलेलं त्यांना चालत नाही. ‘आरएमएस’ला, सॉर्टिंगमध्ये. म्हणजे धावत्या मेल गाडीच्या डब्यात रात्रभर उभं राहून पत्रं ज्या त्या खणात टाकायची. त्यामुळे आमच्या घरी माणूस स्वभावावरून नाही, पत्त्यावरून ओळखला जायचा. स्थळ सांगून आलं की आई विचारायची, ‘मुलगी कशी आहे?’ आणि बाबा विचारायचे, ‘कुठलं कर्जत?’ रायगडातलं की नगरकडचं. खेड म्हटलं की रत्नागिरीचं का पुण्याचं. शिरूर म्हटलं की तीन बोटं वर: घोडनदीचं, कासार की अनंतपाळ? आष्टीहून आलेल्या एका पाहुण्याला बीड का वर्धा हे ठरेपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, असं आई सांगते.

अशा माणसाच्या पोटी जन्म घेऊन मी चुकीच्या दिल्लीला पार्सल पाठवलं.

झालं ते असं. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले होते. आमची आत्या चाळीस वर्षं दिल्लीत, लाजपतनगरला. तिचे गुडघे दुखतात म्हणून आईनं खोका भरला: गुडघ्याचे पट्टे, व्हिटॅमिनच्या बाटल्या, एक स्वेटर आणि दोन किलो बदाम. रात्री साडेअकराला मी कॉम्प्युटरवर लेबल काढायला बसलो. गावाच्या रकान्यात ‘दिल्ली’चं स्पेलिंग अर्धं टाइप केलं तोवर कॉम्प्युटरनंच पुढचं भरून दिलं. देशाच्या रकान्यात आधीपासून अमेरिका होतीच. मग त्यानं विचारलं, ‘हा पत्ता पडताळता येत नाही. पुढे जायचं का?’ न वाचता ‘हो’ दाबणं हा आमच्या धंद्याचा पाया आहे. मी दाबलं.

पाचव्या दिवशी फोनवर निरोप आला. पार्सल दिल्ली, न्यूयॉर्क १३७५३ इथं पोचलं आहे, पण लाजपतनगर सापडत नाही.

बाबांना हे सांगायचं नाही असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं. ते आईनं चहा देता देता सांगितलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, ‘मिससेंट.’ इतरांचे वडील ज्या आवाजात ‘नापास’ म्हणतात, त्या आवाजात.

‘येईल परत, बाबा. पाठवणाऱ्याकडे परत येतंच.’

‘येतं? आरएलओ माहितीये? धनी नसलेला माल तिथं जातो. इथलं आरएलओ कुठंय?’

शोधलं. अटलांटाला. हे उत्तर ऐकून त्यांनी ज्या तऱ्हेनं मान हलवली, त्यावरून शनिवारी आपल्याला गाडी काढावी लागणार हे मला कळलं.

आधी फोन केला. मी म्हटलं, ‘दिल्लीचं पोस्ट का?’ पलीकडच्या बाई म्हणाल्या, ‘नाही हो, हे डेल-हायचं पोस्ट.’ मी स्पेलिंग सांगितलं. म्हणाल्या, ‘तेच की! डेल-हाय.’ शेवटचं ‘हाय’ असं लांब, दारात जुना मित्र दिसावा तसं. बाबा शेजारून म्हणाले, ‘हाय काय अन् नाय काय, खोका आहे का ते विचार.’ होता. मागच्या खोलीत, टेबलाखाली. या आणि घेऊन जा, म्हणाल्या.

एडिसनहून तिथं जायला तीन तास लागतात. दिल्ली दूर आहे असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो, पण ती कॅटस्किलच्या डोंगरात, रूट २८वर, गाईगुरांच्या कुरणांतून वळसे घेत येईल असं कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या सीटवर आई थालीपिठांचा डबा मांडीवर धरून बसली होती. पुढे बाबा, हातात जुनं पाकीट आणि पेन्सिल. ‘अशा दिल्ल्या एकूण किती आहेत ते काढ,’ हा हुकूम माझ्या बायकोला.

ती वाचत गेली आणि बाबा पाकिटाच्या पाठीवर आकडे लिहीत गेले. लुइझियानात एक, ७१२३२. आयोवात एक, ५२२२३. कॅलिफोर्नियात एक, ९५३१५. कॅनडात ओंटारिओला एक, तंबाखूच्या मळ्यांची. तिथं बेल्जियन, हंगेरियन, जर्मन लोक तंबाखू पिकवायला येऊन राहिले आणि प्रत्येकानं आपापला हॉल बांधला. एवढ्या सगळ्या दिल्ल्यांत कुणीही ‘दिल्ली’ म्हणत नाही. सगळीकडे डेल-हाय.

‘झिपकोड कधी आला यांचा?’

‘१ जुलै १९६३.’

‘आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२. नऊ वर्षं मागे, पण आकडा एक जास्त. आणि तो कुणी काढला?’

हे आम्हाला तोंडपाठ आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर. मराठी माणूस, पोस्टातला अधिकारी आणि संस्कृतातला कवी. आमच्याकडे दिवाळीत नरकासुराच्या आधी वेलणकरांचं नाव निघतं. एकाच नावाची गावं आणि दहा लिप्यांतले पत्ते यांतून ज्या माणसानं वाट काढली त्याचा पुतळा कुठं नाही, ही बाबांची जुनी तक्रार. ती तक्रार आम्ही पुढचे वीस मैल ऐकली.

आयोवाच्या दिल्लीची गोष्ट मात्र त्यांना लागली. ही न्यूयॉर्कची दिल्ली डेलावेअर परगण्यात, आणि आयोवाची दिल्लीही डेलावेअर परगण्यात. पोस्टाच्या दृष्टीनं हा सरळसरळ छळ आहे. त्या आयोवाच्या दिल्लीला आधी परगण्याच्या मुख्य गावाचा मान होता. पुढं तो काढून घेतला शेजारच्या गावानं. त्या गावाचं नाव मँचेस्टर.

‘बघ,’ बाबा म्हणाले, ‘तिकडेही दिल्लीचं राज्य मँचेस्टरनंच खाल्लं.’

गाव आलं. नदीकाठी, झाडीत, कोर्टासमोर चौक. लोकवस्ती तीन-चार हजार. आता यातली गंमत अशी की न्यूयॉर्कात ‘टाऊन’च्या पोटात ‘व्हिलेज’ असतं, म्हणजे दिल्लीत दिल्ली. आपण निदान ‘नवी’ तरी लावलं. ही नदी डेलावेअरची पश्चिम शाखा. तिचं पाणी पुढं धरणात अडवतात आणि ते न्यूयॉर्क शहराच्या नळाला जातं. थोडक्यात, ही दिल्ली न्यूयॉर्कला रोज पाणी पाजते.

आम्ही बाकावर बसलो. लोणच्याचा वास सुटल्यावर शेजारच्या बाकावरचं कुत्रं आमच्या बाकाशी आलं. बायको फोनवरून वाचत होती. परगणा निघाला १७९७ मध्ये, गाव १७९८ मध्ये. इथं एबेनेझर फूट म्हणून बडं प्रस्थ होतं. लोक त्याला म्हणायचे ‘ग्रेट मोगल’. मोगल म्हणजे दिल्ली, म्हणून त्याच्या मानानं गावाचं नाव दिल्ली. काही लोकांना ‘मेपलटन’ हवं होतं, निरुपद्रवी, झाडाचं. फूटचा विरोधक होता इरॅस्टस रूट. असं सांगतात की नाव ठरल्यावर तो चिडून म्हणाला, ‘डेल-हाय, हेल-हाय! त्यापेक्षा फूट-हायच ठेवा!’

म्हणजे गावात पहिल्या दिवसापासून फूट. फूट विरुद्ध रूट, आणि भांडण कशावरून, तर सात समुद्रांपलीकडच्या शहराच्या नावावरून. नामांतराचे वाद ही आपलीच मक्तेदारी आहे असं मला उगाच वाटत होतं.

बाबांचं जेवण थांबलं होतं. ‘किती साल म्हणालीस? १७९८?’

‘हो.’

‘अगं, १७९८ साली खऱ्या दिल्लीत ग्रेट मोगल कोण होता? शहाआलम. त्याचे तर डोळे आधीच काढलेले, आणि किल्ल्यावर पहारा कुणाचा? शिंद्यांचा. महादजींनी १७७२ ला त्याला तख्तावर बसवला. महादजी गेल्यावर दौलतराव. १८०३ मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत दिल्ली आपल्याच हातात.’ हातातलं थालीपीठ त्यांनी कोर्टाच्या घुमटाकडे रोखलं. ‘म्हणजे हे नाव ठेवलं तेव्हा मोगल आपल्या तनख्यावर जेवत होता!’

कुत्र्यानं त्या थालीपिठाकडे फार आशेनं पाहिलं.

पण या चौकातली खरी गोष्ट पुढचीच आहे, आणि ती मला आजवर कुणी सांगितली नव्हती याचं मला वाईट वाटतं. या डोंगरातली जमीन मोजक्या जमीनदार घराण्यांची. कसणारे सगळे खंडकरी. बापानं खंड भरला, मुलगा भरतोय, नातू भरणार, जमीन कधीच आपली होणार नाही. १८४० च्या दशकात शेतकऱ्यांनी खंड द्यायचं नाकारलं. वसुलीला माणूस आला की शेतात जेवायला बोलवायचा पत्र्याचा भोंगा फुंकायचा. भोंगा वाजला की डोंगरातून लोक निघायचे, तोंडाला मेंढीच्या कातड्याचे मुखवटे आणि अंगात बायकांसारखे छापील कॅलिकोचे झगे. या टोळ्यांचं नाव काय, तर ‘कॅलिको इंडियन्स’.

आता बघा. कॅलिको हे कापड कालिकतच्या नावाचं. ते अंगात घालून, ‘इंडियन’ बनून हे गोरे शेतकरी लढले, आणि खटला चालला दिल्लीत! ७ ऑगस्ट १८४५ ला जवळच्या अँडीज गावात (हो, अँडीज. या परगण्यात नावं घरची ठेवायची नाहीत असा पण असावा) थकलेल्या खंडापायी गुरांचा लिलाव होता. तिथं ऑस्मन स्टील हा अंडरशेरीफ गोळी लागून मेला. मग धरपकड झाली, दिल्लीचे तुरुंग भरले, दोघांना फाशी सुनावली. ती पुढं जन्मठेपेवर आली आणि १८४७ मध्ये नव्या गव्हर्नरनं माफीच देऊन टाकली. दरम्यान १८४६ च्या राज्यघटनेनं शेतजमिनीचे पिढ्यानपिढ्यांचे पट्टे बंद केले. बारा वर्षांच्या वर पट्टा नाही.

‘आणि मुखवट्यांचं काय केलं?’ आईनं विचारलं. इतका वेळ ती काहीच बोलली नव्हती. राज्यानं वेषांतर करून जमायला बंदी घालणारा कायदाच १८४५ मध्ये केला होता. तिला ते पटलं नाही. ‘मग दशावतारवाल्यांनी काय करायचं?’

पोस्टात गेलो. काउंटरमागच्या बाईंनी खोका पुढं केला. त्यावर माझ्या हातचं लेबल आणि कुणीतरी पेनानं काढलेलं मोठं प्रश्नचिन्ह. बाबा मात्र खोक्याकडे बघतच नव्हते. ते बाईंच्या खांद्यावरून मागची खणांची मांडणी बघत होते. मग त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मीही हेच काम केलं, रेल्वेत, उभ्यानं. बाईंनी विचारलं, गाडी हलताना पत्र दुसऱ्या खणात नाही पडायचं? बाबांनी उजवा हात हवेत तीनदा फटकारून दाखवला. मागं बर्फाच्या फावड्याची पावती घेऊन उभा असलेला गृहस्थ दचकला. वीस मिनिटं गेली. माझी ओळख ‘हा तोच, ज्यानं देश बघितला नाही’ अशी करून देण्यात आली. बाई इतक्या मनापासून हसल्या की मला जुना लेबलवाला खोका काखेत मारून पळून जावंसं वाटलं.

नवा पत्ता बाबांनी स्वतः लिहिला. काळ्या स्केचपेननं, मोठ्या अक्षरांत: न्यू दिल्ली ११००२४. खाली इंडिया, त्याखाली दोन रेघा. बाईंनी वाचलं, ‘न्यू डेल-हाय.’ बाबांनी दुरुस्त केलं नाही. ‘पिन बरोबर असला की नाव कसंही म्हणू देत,’ असं मला मराठीत म्हणाले.

परत येताना बायकोनं कॅलिफोर्नियाची गोष्ट वाचली. त्या दिल्लीला मोगल नाही, महाराजही नाही. ती सरकारी योजना. पहिल्या महायुद्धानंतर राज्यानं जमीन घेऊन सुटलेल्या शिपायांना आणि छोट्या शेतकऱ्यांना हप्त्यानं दिली. योजना एलवूड मीडची. हूव्हर धरणामागच्या लेक मीडला याचंच नाव आहे. म्हणजे माणूस पाण्यातला तज्ज्ञ, पण जमीन निघाली रेताड. शेतकरी कर्जात बुडाले आणि १९३१ पर्यंत सरकारनं हात झटकले. आज त्या भागात बदामाच्या बागा आहेत आणि शेजारच्या लिव्हिंगस्टनला पंजाबी शेतकऱ्यांची मोठी वस्ती. त्यांच्यातलं कुणी जालंधरला फोन करून ‘मी दिल्लीजवळ राहतो’ असं सांगत असेल तर घरच्यांना केवढा दिलासा वाटत असेल.

‘आपल्या बदामांवर काय लिहिलं होतं?’ आईनं विचारलं.

कॅलिफोर्निया लिहिलं होतं. म्हणजे कोण जाणे, ते बदाम एका दिल्लीशेजारी पिकून, दुसऱ्या दिल्लीत अडकून, तिसऱ्या दिल्लीला निघाले असतील.

तीन आठवड्यांनी आत्याचा फोन आला. पट्टे छान बसले, स्वेटर घट्ट झाला. ‘आणि बदाम कशाला रे एवढे? हे कॅलिफोर्नियाचे तर इथं खारी बावलीत ढिगानं मिळतात.’

फोन स्पीकरवर होता. मी बाबांकडे बघितलं. ते टेबलावर न्यूयॉर्क राज्याचा नकाशा पसरून बसले होते, नाक कॅनडाच्या सीमेला टेकलेलं. तिथं एक गाव आहे, वस्ती हजार-दीड हजार. होगन नावाच्या जमीनदाराच्या बायकोचा आपल्या शहराशी संबंध होता म्हणे, म्हणून १८३३ मध्ये हे नाव पडलं. पेन्सिलीनं त्यांनी गोल केला होता आणि शेजारी १२९१४ लिहिलं होतं.

‘तिला सांग,’ बाबा मान वर न करता म्हणाले, ‘पुढचा खोका आम्ही बॉम्बेहून टाकू.’

माझ्या तोंडून कधी चुकून ‘बॉम्बे’ निघालं तर १९९५ पासून हा माणूस जेवण थांबवून ‘मुंबई’ म्हणायला लावत आला आहे. मी तेवढं बोलून दाखवलं.

‘पाटीवर जे असेल तेच म्हणायचं,’ ते म्हणाले. ‘टपालाचा नियम आहे. शनिवारी किती वाजता निघायचं?’