हसायचं काय त्यात?

सकाळी गावच्या ग्रुपवर एक रील आली. परदेशातली कुठलीतरी सर्कस, सिंहानं रिंगमास्टरला खाली पाडलेलं, लोक सैरावैरा पळताहेत. आणि खाली आपली पोट्टी दात काढणारे इमोजी टाकून मोकळी. एकानं तर लिहिलं, "बरं झालं, लय माजला होता." कोण माजला होता बे? पोटासाठी पिंजऱ्यात शिरणारा माणूस?

९४-९५ ची गोष्ट. वणीच्या जत्रेत सर्कस लागली होती. बाबांचं शिलाईचं दुकान तंबूपासून हाकेच्या अंतरावर. एक दिवस रिंगमास्टर लाल कोट घेऊन आला. केरळकडचा माणूस, तोडकी हिंदी, चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. कोपरापासून मनगटापर्यंत टाक्यांचे जुने व्रण. तो बाबांना मास्टर म्हणे, बाबा त्याला मास्टर म्हणत. म्हणाला, दोन्ही बाह्या उसवून खांद्याला नुसत्या धावदोऱ्यानं जोडा. पंजा अडकला तर बाही जाईल, हात राहील.

बाबा गप्पच झाले. कच्ची शिलाई त्यांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला दिली नव्हती.

लोकांना वाटते चाबूक सिंहाला मारायला असतो. तो बराचसा हवेतच वाजवायचा असतो. पुढे स्टूल धरलं की चार पायांत जनावराचं ध्यान फाटते, तेवढीच काय ती ढाल. पाठ फिरवायची नाही, पाय घसरू द्यायचा नाही. लळा लावला म्हणून जनावर पाळीव होत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत लास वेगासला, वाघ घेऊन जादूचे खेळ करणाऱ्या रॉय हॉर्नचा गळा वाघानं भर खेळात धरला, तोही कित्येक वर्षं सोबत काम केलेल्या वाघानं. तो तर कोट्यधीश होता. आमचा मास्टर चपलेला तार बांधणारा.

हो, जनावरांचे हाल व्हायचे. १९९८ ला सरकारनं सर्कशीत वाघ-सिंह आणायला बंदी घातली, २००१ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली, बरोबरच केलं. पण सिंहांसाठी निदान पुनर्वसन केंद्रं तरी निघाली. रिंगमास्टरचं काय झालं, कोणी विचारलं?

मोहफुलं वेचायला गेलेली बाई वाघानं नेली की अख्खं गाव रस्त्यावर बसते. तेव्हा टाकता का रे हे इमोजी?

असो. डोकं तापलं होतं, चहा घेऊन आलो.

तर त्या रात्री जेवताना बाबांचा हात ताटातच थांबला. उजवी बाही धावदोऱ्यानं लावली होती, पण डावी हाताच्या सवयीनं मशीनवर पक्की मारून दिली होती. कोट तर संध्याकाळीच गेलेला. ताट तसंच सारून मला घेऊन निघाले, तिकिटं काढली. मी सिंह बघत होतो, बाबा डावी बाही. सिंहानं एकदा पंजा उचलला तेव्हा त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की सकाळपर्यंत दुखत होतं.

खेळ धड पार पडला. आम्ही तंबूच्या मागं गेलो. मास्टर उपड्या बादलीवर बसून भात खात होता. बाबांनी काही न बोलता कोट मांडीवर घेतला, कात्रीच्या टोकानं बाही उसवली आणि तिथल्या पिवळ्या बल्बखाली धावदोरा घालायला बसले. दोनदा सुई बोटात गेली. पैसे घेतले नाहीत.

रील टाकणाऱ्या पोट्ट्या, तुझ्या आज्याचा पानठेला तेव्हा आमच्या दुकानाला लागूनच होता. विचार त्याला.